चार वेळा तोडफोड, कोर्टासमोर मात्र पहिलाच गुन्हा

नोव्हेंबर २०२५ मध्ये कोल्हापूरच्या राजारामपुरी परिसरातल्या एका गल्लीत मध्यरात्रीनंतर सात गाड्या फोडल्या गेल्या. दोन चारचाकी, चार दुचाकी आणि एक रिक्षा. पाच जण होते, हातात लोखंडी रॉड आणि लाकडी दांडकी. त्यातल्या चौघांना गल्लीत कुणी ओळखत नव्हतं. पाचव्याला लहान पोरंही ओळखत होती, कारण त्याची ही चौथी खेप होती. दुसऱ्या दिवशी गल्लीने सह्यांचं निवेदन दिलं. वारंवार तोडफोड करणाऱ्याला कडक शिक्षा झालीच पाहिजे, कायदा कडक करा, एवढीच मागणी.

यातल्या रिक्षावाल्या काकांचं काम वकील म्हणून माझ्याकडे आलं. त्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहितोय. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कायद्याचा भाग मात्र जसा आहे तसा ठेवला आहे, कारण सगळं प्रकरण त्याच्यावरच उभं आहे.

निवेदनातली मागणी मला मनापासून पटते. ज्याच्या रिक्षावर घर चालतं त्याची काच एकाच पोराने दोनदा फोडावी आणि तो दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर चहा पीत दिसावा, हे कुणालाही सहन होणार नाही. पण शिक्षा किती कडक आहे हा पुढचा प्रश्न झाला. हा माणूस वारंवार असं करतो, हे कायद्याला दिसतं का? या प्रकरणात ते दिसलंच नाही.

पहिल्या तीन खेपा

पहिली खेप २०१९ ची. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा. गणपतीच्या दिवसांत गाडी लावण्यावरून भांडण झालं आणि त्याने एका चारचाकीच्या काचेवर वीट घातली. कोल्हापुरात असं भांडण आधी तालमीत जातं, तसं हेही गेलं. जाणती माणसं बसली, वडिलांनी काचेचे पैसे भरले, पोराने हात जोडले, विषय मिटला. यात कुणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला पोलिसांत नेण्यापेक्षा ते बरंच झालं. तक्रार झाली असती तरी ते प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं असतं, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशी नोंद पुढे आयुष्यभर आड येत नाही.

दुसरी खेप मे २०२२ मधली. तीन दुचाकी पाडून त्यांचे हेडलाइट आणि आरसे फोडले. मुलगा आता वीस वर्षांचा. तक्रार झाली, पण ती अदखलपात्र म्हणून. आपल्याकडे सगळे तिला एनसीच म्हणतात. तेव्हा भारतीय दंड संहिता लागू होती. तिच्या कलम ४२७ मध्ये पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होती. पन्नास रुपये हा आकडा १८६० चा, तो शेवटपर्यंत तसाच राहिला. शिक्षा दोन वर्षांची असली तरी गुन्हा अदखलपात्र होता, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नव्हता. तो हुकूम मागायला कुणी गेलं नाही. दुचाकीवाल्यांना कागद हवा होता विम्यासाठी. एनसीची प्रत मिळाली आणि त्यांच्या लेखी काम झालं.

या दुसऱ्या खेपेपाशी मी थोडा थांबतो, कारण संधी इथे होती. वीस वर्षांचा मुलगा, आधीची कुठलीही दोषसिद्धी नाही, गुन्हा दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. १९५८ चा अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा अशाच माणसासाठी आहे. त्याच्या कलम ६ प्रमाणे एकवीस वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात पाठवायचं असेल तर कोर्टाला त्याची कारणं लिहावी लागतात. एरवी चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडायचं, परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख ठेवायची, आणि कलम ५ प्रमाणे नुकसानभरपाई भरायला लावायची. खटला चालला असता तर बहुधा हेच झालं असतं. पोरगा कळंब्याच्या तुरुंगात गेला नसता, दुचाकीवाल्यांचे पैसे मिळाले असते, आणि कोर्टाच्या दप्तरात त्याच्या नावापुढे 'दोषी' असा निष्कर्ष लिहिला गेला असता. कलम ३ खाली नुसती समज देऊन सोडण्याची सवलतही त्याला पुन्हा मिळाली नसती, कारण आधीचा परिवीक्षेचा आदेश त्या कलमापुरता पूर्वीची दोषसिद्धी म्हणूनच धरला जातो. यातलं काहीच घडलं नाही. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला तीन वर्षांची मुदत असते. मे २०२५ मध्ये ती संपली आणि ती एनसी मेली.

तिसरी खेप डिसेंबर २०२४ ची, आणि ती काकांच्या रिक्षाची. पुढची काच फोडली, हूड ब्लेडने फाडलं, मीटर उपटला. गॅरेजवाल्याने सोळा हजारांचं एस्टिमेट दिलं. तोवर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली होती. तिच्या कलम ३२४ मध्ये आगळिकीची, म्हणजे मुद्दाम मालमत्तेचं नुकसान करण्याची, शिक्षा नुकसानीच्या रकमेप्रमाणे चढते. साधी आगळीक, सहा महिन्यांपर्यंत. सरकार किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालमत्तेसह एखाद्या मालमत्तेचं नुकसान, एक वर्षापर्यंत. वीस हजार ते एक लाखाच्या आत, दोन वर्षांपर्यंत. एक लाख आणि त्यापुढे, पाच वर्षांपर्यंत. यातला फक्त शेवटचा, लाखाचा टप्पा दखलपात्र आहे.

सोळा हजारांचं नुकसान, म्हणून काकांच्या हातात पुन्हा एनसीच पडली, तीही पोटकलम २ खाली. वर्ष दोन हजार चोवीस, पण या माणसाच्या बाबतीत कायदा जुन्यापेक्षा सौम्य झाला होता. जुन्या ४२७ प्रमाणे याच नुकसानीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, काकांच्या एनसीत ती सहा महिन्यांवर आली. वीस हजारांच्या आतलं नुकसान म्हणजे किरकोळ, असा हिशेब कायदा करणाऱ्यांनी केला असावा. रिक्षा दहा-बारा दिवस गॅरेजला उभी राहते तेव्हा त्या घरात काय होतं, हे त्या हिशेबात धरलेलं नाही. काकांचा विमाही फक्त थर्ड पार्टीचा होता. त्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही.

इथे एक गोष्ट बोलून दाखवावीच लागेल. याच दगडाने केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बसची काच फुटली असती तर १९८४ चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायदा लागला असता. सार्वजनिक वाहतुकीच्या साधनाचं नुकसान केलं तर त्यात किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षं सक्तमजुरी आहे. सहा महिन्यांखाली जायचं तर कोर्टाला खास कारणं लिहावी लागतात. सरकारी पक्षाला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय जामीनही मिळत नाही. बसच्या मागे उभ्या असलेल्या रिक्षाची काच फुटली तर एनसी. बसचं संरक्षण कमी करा असं मी म्हणत नाही. पण रिक्षा हीसुद्धा शहराची वाहतूकच आहे, आणि तिच्या मालकाच्या पाठीशी महापालिकेसारखी संस्था उभी नसते.

चौथी खेप आणि कलम १३

चौथ्या खेपेला पाच जण होते म्हणून कायदा हलला. पाच जण बेकायदा उद्देशाने जमले की बेकायदा जमाव होतो, त्याने हिंसा केली की दंगा, आणि हातात घातक हत्यार असेल तर कलम १९१(३) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा. हे गुन्हे दखलपात्र आहेत. एका घटनेतला एक गुन्हा जरी दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं, म्हणून फिर्याद नोंदली गेली, पंचनामा झाला, अटक झाली. सातही गाड्यांच्या नुकसानीची बेरीज एक लाखाच्या वर गेली, म्हणून ३२४(५) लागलं.

दुसऱ्या दिवशी पाचही जण जामिनावर बाहेर आले. गल्लीचा संताप अनावर झाला. पोलिसांनी पैसे खाल्ले, इथपर्यंत लोक बोलले. मला ते खरं वाटत नाही. लावलेली सगळी कलमं जामीनपात्र आहेत, आणि जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो.

काका माझ्याकडे आले ते एकच वाक्य घेऊन. "साहेब, चौथी खेप हाय ही. चौथ्या खेपेला तरी जास्त शिक्षा नगं?"

तशी तरतूद कायद्यात आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १३, जुन्या संहितेत ते ७५ होतं. मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या प्रकरणात, म्हणजे सतराव्या प्रकरणात, तीन वर्षं किंवा त्याहून जास्त कैदेच्या गुन्ह्यासाठी एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा तसाच गुन्हा करून दोषी ठरला, तर त्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद देता येते. आगळीक याच प्रकरणात येते. याहून कडक ते काय असणार? म्हणून कायद्यात वारंवार गुन्हा करणाऱ्याला शिक्षाच नाही, हे निवेदनातलं वाक्य बरोबर नाही.

पण हे कलम उघडायला दोन किल्ल्या लागतात. आधीच्या गुन्ह्यात कोर्टाने दोषी ठरवलेलं असावं लागतं. एनसी चालत नाही, फिर्याद चालत नाही, तालमीतली माफी तर नाहीच. आणि आधीचा व आताचा, दोन्ही गुन्हे तीन वर्षं किंवा त्यापुढच्या शिक्षेचे असावे लागतात. आगळिकीच्या रकमेच्या टप्प्यांपैकी या मापात बसतो तो फक्त लाखावरचा टप्पा. याचा अर्थ नीट बघा. एखादा माणूस दर वर्षी कुणाचं तरी पन्नास हजारांचं नुकसान करत राहिला, प्रत्येक वेळी दोषी ठरला, तरी कलम १३ त्याला कधीच लागणार नाही. दहाव्या वेळीही कमाल शिक्षा दोन वर्षंच. शिवाय नुकसान खासगी माणसाचंच असेल तर लाखाच्या आतल्या आगळिकीत तडजोड करता येते, आणि गल्लीत राहायचंय म्हणून बहुतेक लोक ती करतात. तडजोड म्हणजे निर्दोष सुटका.

लोकांची मागणी बरोबर ठरते ती नेमकी इथे. लाखावरच्या नुकसानीला आणखी शिक्षा वाढवून काही साधणार नाही. पोकळी लाखाच्या खाली आहे, आणि रिक्षा, दुचाकी, हातगाडी, टपरीची शटरं, सगळी लाखाच्या खालीच फुटतात. माझं मत असं आहे: कलम ३२४ खाली, रक्कम कितीही असो, पाच वर्षांत दुसऱ्यांदा आगळीक केल्याचा आरोप असलेला आधीचा दोषी असेल तर गुन्हा दखलपात्र व्हावा, कमाल शिक्षा तीन वर्षं व्हावी, आणि भरपाईचा आदेश देणं कोर्टाला बंधनकारक असावं. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्र ही दुरुस्ती स्वतःपुरती करू शकतो.

यात मी 'आधीचा दोषी' हे शब्द जाणूनबुजून धरून ठेवतो. निवेदनात काही जणांना 'सराईत' असा शब्द हवा होता, ज्याच्यावर तीन तक्रारी तो सराईत. कोल्हापूरकराने तरी हे मागू नये. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जातीजमातींच्या माणसांना रोज हजेरी द्यावी लागे, चोरी केलेली असो वा नसो. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ही हजेरी १९१८ मध्ये बंद केली. ब्रिटिशांचा कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडावं लागलं. सवयीचा गुन्हेगार कोण, हे पोलीस ठाण्याच्या वहीवरून ठरवलं तर पहिली झळ कुणाच्या वस्तीला बसेल हे आपल्याला माहीत आहे. ते ठरवायचं तर पुरावा तपासून, कोर्टानेच.

दोषसिद्धी नसताना हातात काय उरतं

प्रतिबंधक कारवाई. लोक तिला चॅप्टर केस म्हणतात आणि ती गणपती किंवा निवडणुकीच्या आधीच आठवते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १२९ मध्ये सवयीने अपहरण, खंडणी, फसवणूक किंवा आगळीक करणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड घेता येतो, तीन वर्षांपर्यंतचा. आगळीक हा शब्द त्यात स्पष्ट लिहिलेला आहे, तरी आमच्या गल्लीत तो कुणालाच माहीत नव्हता. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर हे चालतं. बॉण्ड दिला नाही तर तुरुंगात जावं लागतं. इथे आधीची दोषसिद्धी लागत नाही, सवय पुराव्याने दाखवावी लागते. एनसी मेली तरी तिचा कागद आणि तक्रारदाराचा जबाब इथे उपयोगी पडतो. आम्ही हाच अर्ज पुढे रेटला. २०२२ च्या दुचाकीवाल्यांपैकी एक जण जबाब द्यायला तयार झाला, बाकीचे नाही.

तडीपारीची मागणी सगळ्यात मोठ्या आवाजात झाली. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५६ खाली ती होऊ शकते, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. पण सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दीपक डोंगरे प्रकरणात बजावलं आहे की हा असाधारण उपाय आहे, ठोस सामग्रीशिवाय वापरता येणार नाही, आणि पूर्ण दोन वर्षं लावायची तर त्याची कारणं आदेशात दिसली पाहिजेत. दोन एनसी आणि एक ताजी फिर्याद एवढ्यावर काढलेला आदेश टिकणं कठीण. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यामुळे असा आदेश तपासून घ्यायला आता मुंबईची वाट धरावी लागत नाही. शिवाय मला या उपायाबद्दल मुळातच शंका आहे. कागलच्या पुढे गेलं की कर्नाटकातलं निपाणी. पोरगा तिथे जाऊन राहील, आणि फुटलेल्या काचेचे पैसे काकांना तिथून कोण आणून देणार?

एमपीडीए, म्हणजे राज्याच्या स्थानबद्धतेच्या कायद्याबद्दल थोडक्यात. १९८१ च्या त्या कायद्यात मालमत्तेचे गुन्हे सवयीने करणारा 'धोकादायक व्यक्ती' ठरू शकतो आणि बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध होऊ शकतो. गल्लीतल्या सात गाड्यांसाठी तो काढणं मला योग्य वाटत नाही.

प्रकरण आता कुठे आहे

डिसेंबर २०२४ च्या एनसीला एक वर्षाची मुदत होती, कारण तिच्यात शिक्षा सहा महिन्यांची. चौथी खेप घडली तेव्हा जेमतेम महिना उरला होता. ठाण्याने अदखलपात्र तक्रारींचा अहवाल दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो, ही नागरिक सुरक्षा संहितेतली चांगली तरतूद आहे, पण त्या अहवालाने खटला उभा राहत नाही. खटल्यासाठी तक्रारदाराने स्वतः कोर्टात यावं लागतं. आम्ही मुदतीच्या आत त्याच संहितेच्या कलम २२३ खाली खासगी तक्रार दाखल केली. मुदत मोजताना तक्रार दाखल केल्याची तारीख धरायची, कोर्टाने दखल घेतल्याची नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सारा मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केलं आहे. नव्या संहितेत दखल घेण्याआधी आरोपीलाही ऐकून घ्यावं लागतं, त्यामुळे ते काम सावकाश चाललंय. पण जिवंत आहे.

या तक्रारीत आम्ही तुरुंगवासावर जोर दिलेला नाही. मागितली आहे ती दोषसिद्धी आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली भरपाई: काच, हूड, मीटर, आणि रिक्षा उभी राहिली तितक्या दिवसांची कमाई. काकांना आधी हे पटलं नाही. आत टाकायचं सोडून पैसे कसले मागता, असं ते म्हणाले. समजावून सांगितल्यावर त्यांनी सही केली. हे आधीच्या कुठल्याच तक्रारदाराने केलं नव्हतं, आणि त्यासाठी त्यांना कसबा बावड्याच्या कोर्टात तारखेमागून तारीख धंदा बुडवून यावं लागतंय. अशा माणसाला साक्षीच्या दिवसाचा भत्ता वेळेवर मिळाला तरी पुष्कळ लोक तडजोडीऐवजी खटला निवडतील.

चौथ्या खेपेच्या मुख्य खटल्यात सगळी लढाई एका आकड्यावर येऊन ठेपली आहे. बचाव पक्षाचं म्हणणं असं की सात गाड्या, सात मालक, म्हणून सात वेगळे गुन्हे, आणि एकाही गाडीचं नुकसान लाखाचं नाही. तेव्हा ३२४(५) पडावं आणि ३२४(४) किंवा त्याहून खालचं राहावं. सरकारी पक्षाचं म्हणणं असं की एकाच जमावाने एका हेतूने, काही मिनिटांत केलेली ही एकच घटना आहे, आणि नुकसान एकत्रच मोजलं पाहिजे. मला दुसरी बाजू कायद्याला धरून वाटते. पण त्यासाठी प्रत्येक गाडीचा आकडा पुराव्याने उभा राहायला हवा. नुसतं एस्टिमेट दिलं की उलटतपासात ते कोसळतं. म्हणून आम्ही सातही मालकांकडून सुट्या भागांची पक्की बिलं, गॅरेजवाल्याची मजुरीची पावती, पैसे दिल्याची नोंद आणि फुटलेल्या गाडीचे नंबरप्लेटसह फोटो गोळा केले. दोन दुचाकीवाल्यांनी जुने भाग बसवून घेतले होते, त्यांची बिलं नव्हती, त्यामुळे तेवढी रक्कम वजा धरावी लागली. तरी बेरीज लाखाच्या थोडी वर राहते.

आता ३२४(५) खाली दोषसिद्धी झाली, शिक्षा अगदी कमी झाली तरी, तर हा माणूस पुन्हा लाखावरचं नुकसान करील तेव्हा सरकारी पक्षाला दोषारोपातच आधीची दोषसिद्धी लिहून कलम १३ मागता येईल. ३२४(४) खाली झाली तर येणार नाही, आणि पाचव्या खेपेलाही आधीच्या दोषसिद्धीमुळे त्याची शिक्षा वाढणार नाही. गॅरेजवाल्याची साक्ष पुढच्या तारखेला आहे.